पाणाड्या म्हणतो फणसाखाली, यंत्रवाला म्हणतो देवळाकडे: बोअर कुठे मारावी?

वाचकाचं पत्र

आमचं घर गोव्यात, डिचोली तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. परसातली विहीर एप्रिल लागला की तळ गाठते, मग जूनपर्यंत टँकर. वर्षाला ४० हजार त्यातच जातात. यंदा बोअर मारायचं ठरवलंय, खोदाई आणि केसिंग (भोकात बसवायचा पाइप) धरून दीड लाख सांगितलेत. पण कुठे मारायची, यावरून घरात दोन तट पडलेत. मामंजींनी आणलेला पाणाड्या, म्हणजे काठीने पाणी शोधणारा, म्हणतो फणसाखाली मारा. देवळाकडच्या अंगाला त्याची काठी वळलीच नाही. यंत्र लावणाऱ्या सर्व्हेवाल्याचं बरोबर उलटं: फणसाखाली काही नाही, देवळाकडे ३५ ते ४५ मीटरवर चांगला थर आहे. 'पाणी असलेल्या जागा मी ऐंशी टक्के ओळखतो' असं तो म्हणाला. बोअरवाला म्हणतो, कुठेही मारा, अडीचशे फुटांत लागणारच, पण फणस सोयीचा. शेजारच्या काकांची बोअर कोरडी गेली, ते म्हणतात या वाड्यावर, आपल्या वस्तीत, पैसे घालूच नका. वाड्यावर आजवर १० बोअर मारल्यात, त्यातल्या ४ उन्हाळ्यात चालतात. फणसाच्या बाजूने दोघे, देवळाच्या बाजूने एक, विरोधात एक. कोणाचं ऐकावं?

उत्तर

ताई, शेवटच्या ओळीत तुम्ही मतं मोजलीत, ती मोजणी आधी खोडा. या चौघांपैकी एकाच्या बोलण्यात माहितीच नाही. एकाचं बोलणं तुम्ही नकळत दोनदा मोजलंय. आणि ज्याच्या बोलण्यात सर्वांत जास्त माहिती आहे, त्याच्या 'ऐंशी टक्के'चा अर्थ घरात जो घेतला गेला असणार तो नाही.

त्याआधी प्रश्न नीट मांडू. 'पाणी लागेल' हे वाक्य गोव्यात जवळजवळ कुठेही खरं ठरतं. वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, वरचा जांभा स्पंजासारखा सच्छिद्र असतो. श्रावणात कुठेही भोक पाडा, पाणी दिसेल. पण तेच पाणी जांभ्यातून उताराने खाली निघून जातं, म्हणून तर तुमची विहीर एप्रिलात तळ गाठते. तेव्हा प्रश्न असा लिहा: 'मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात रोज १००० लिटर मिळेल का?' पाच माणसांना माणशी १३५ लिटर धरले तर ६७५ होतात, उरलेले झाडांना आणि गुरांना. यापुढे 'चांगली जागा' म्हणजे या कसोटीला उतरणारी जागा. चौघांनाही हाच प्रश्न पुन्हा विचारा. 'लागेल हो' म्हणणारा माणूस 'मे महिन्यात हजार लिटर?' असं विचारल्यावर किती सावरून बोलायला लागतो, ते ऐकण्यासारखं असतं.

आता कोणाचंही मत ऐकण्याआधी शक्यता किती होती? तुम्ही स्वतःच मोजलंय, दहात चार. ही तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची ओळ आहे. आकडा लहान आहे हे खरं, पण हाताशी दुसरा नाही, म्हणून ४० टक्के धरू. एवढं मात्र तपासा की त्या दहा बोअर तुमच्याच उतारावर, साधारण तुमच्याच उंचीवर आहेत ना. खालच्या बाजूला शेताच्या काठावर असतील तर त्यांचं नशीब तुम्हाला लागू होत नाही. डिचोलीत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. लोहखनिजाच्या खाणींच्या खंदकांतलं पाणी सतत उपसलं जायचं तेव्हाच्या बोअर आणि २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर मारलेल्या बोअर वेगळ्या मोजा. जवळचा खंदक उपसला जात असेल तर आजूबाजूची भूजलपातळी खाली जाते.

शेजारच्या काकांची कोरडी बोअर या दहांमध्ये आलेलीच आहे. त्यांचं दुःख खरं आहे, पण ते सहा कोरड्यांपैकी एक आहेत. त्यांचं मत वेगळं धरलं तर एकच बोअर दोनदा मोजल्यासारखं होईल.

आता सर्व्हेवाला. तुमच्या वाड्यासारख्या १०० जागा डोळ्यांसमोर आणा. ४० चांगल्या, ६० वाईट. तो चांगल्या जागांपैकी ८० टक्के ओळखतो, म्हणजे ४० पैकी ३२ ठिकाणी 'आहे' म्हणेल. पण वाईट जागेवर तो किती वेळा 'आहे' म्हणतो? हे त्याने सांगितलं नाही, तुम्हीही विचारलं नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. समजा, ३० टक्के वेळा चुकतो. मग ६० पैकी १८ वाईट जागांवरही तो 'आहे' म्हणेल. एकूण ५० जागांवर 'आहे', त्यातल्या ३२ खऱ्या. म्हणजे त्याने 'आहे' म्हटल्यावर शक्यता ६४ टक्के. 'चांगली जागा असेल तर तो आहे म्हणेल' याची शक्यता आणि 'तो आहे म्हणाला तर जागा चांगली असेल' याची शक्यता, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अशा 'अमुक घडलं असेल तर तमुकची शक्यता किती' या हिशेबालाच सशर्त संभाव्यता म्हणतात. टॉमस बेझ या इंग्लिश धर्मोपदेशकाने तो उलटा फिरवायची रीत मांडली. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये छापला गेला. रीत एवढीच की शंभर जागा घ्यायच्या, दोन ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगातून किती 'आहे' निघतात ते मोजायचं.

ज्या फणसाच्या जागेवर त्याने 'नाही' म्हटलं तिथलाही हिशेब असाच. ४० चांगल्यांपैकी ८ ठिकाणी तो चुकून 'नाही' म्हणेल, ६० वाईटांपैकी ४२ ठिकाणी बरोबर 'नाही' म्हणेल. ५० 'नाहीं'मध्ये ८ चांगल्या, म्हणजे १६ टक्के.

हा ३० चा आकडा आम्ही धरलेला आहे, तुमच्या सर्व्हेवाल्याचा खरा आकडा तुम्ही काढायचा. सरळ काढता येत नाही, कारण 'नाही' म्हटलेल्या जागी कोणी बोअर मारतच नाही. पण आडवाटेने काढता येतो. त्याच्याकडून शेवटच्या २० गिऱ्हाइकांची यादी मागा. निवडक नव्हे, ओळीने शेवटची वीस. प्रत्येकाला फोन करून मे महिन्याचं विचारा. समजा १३ चालतात, ७ कोरड्या. १३ ला ७ हे प्रमाण घ्या आणि त्याच भागात सर्वसाधारण बोअरचं प्रमाण ४ ला ६ असेल तर त्याने भागा: १३ गुणिले ६ म्हणजे ७८, ७ गुणिले ४ म्हणजे २८, भागाकार पावणेतीनच्या आसपास. वरच्या ८० भागिले ३० चंही उत्तर जवळपास तेवढंच येतं. हा पावणेतीन म्हणजे त्याच्या शब्दाचं वजन. त्याने 'आहे' म्हटलं की चांगल्याचं वाईटाशी असलेलं प्रमाण पावणेतीनपट होतं. पण त्या वीस बोअर खालच्या सपाटीवरच्या असतील, जिथे कोणीही मारली तरी दहात सात चालतात, तर १३ यश ही बढाई नाही. तिथे न विचारता १४ मिळाली असती. यशाचा आकडा कधी एकटा घेऊ नका, त्या भागात आंधळेपणाने किती मिळालं असतं तो आकडा शेजारी ठेवूनच वाचा.

नेमकी हीच कसोटी पाणाड्याला लावा. मामंजींना त्याच्या आठ यशस्वी विहिरी तोंडपाठ असतील. त्याने एकूण किती जागा दाखवल्या? वीस असतील तर आठ म्हणजे ४० टक्के, म्हणजे वाड्याची सरासरी. काठी नसती तरी तेवढंच मिळालं असतं. अशा शब्दाचं वजन एक, आणि एकाने गुणून काहीच बदलत नाही. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये याची मोठी परीक्षा झाली. सुमारे ५०० पाणाड्यांतून निवडलेले ४३ जण एका धान्याच्या कोठाराच्या वरच्या मजल्यावर चालले. खालच्या मजल्यावर पाण्याची नळी गाड्यावरून हलवत होते, वरून तिची जागा ओळखायची होती. ८४३ प्रयत्न झाले. प्रयोग करणाऱ्यांनी त्यांतल्या काही जणांना कौशल्य आहे असा निष्कर्ष काढला, पण पुढे जिम एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे तपासले तेव्हा ते निव्वळ योगायोगापेक्षा वेगळे निघाले नाहीत.

यावरून मामंजींच्या माणसाला मोडीत काढू नका. जुना पाणाड्या काठीपेक्षा डोळ्यांनी जास्त पाहतो. उतार कुठे दबला आहे, कोणतं झाड चैत्रातही हिरवं आहे, वारूळ कुठे आहे, हे प्राचीन ज्योतिषी वराहमिहिरापासून नोंदलेलं शहाणपण आहे आणि त्यात थोडं तथ्य असू शकतं. म्हणून त्याला उदार हाताने वजन देऊ: चांगल्या जागी तो शंभरात ६० वेळा 'आहे' म्हणतो, वाईट जागी ४० वेळा. म्हणजे दीडपट वजन. हे बरंच जास्त आहे, पण बघू काय होतं.

बोअरवाल्याला मात्र देता येईल असं वजनच नाही. तो चांगल्या ४० जागांवर 'लागणारच' म्हणेल आणि वाईट ६० वरही 'लागणारच' म्हणेल. ऐकण्याआधी ४०, ऐकल्यानंतरही ४०. जो कधीच 'नाही' म्हणत नाही त्याच्या 'हो'मध्ये काही नसतं. शिवाय फणस सोयीचा म्हणजे त्याच्या गाडीला सोयीचा, आणि पाणाड्याने फणस दाखवल्याचं त्याच्या कानावर आलेलं असणारच. दोघांनी एकमेकांचं ऐकलं असेल तर ती दोन मतं नाहीत, एकाच मताचा प्रतिध्वनी आहे. ज्याच्याकडून मत घ्यायचं त्याला आधीची जागा सांगायची नाही, घरातल्या पोरांनीही खुणेचा दगड दाखवायचा नाही, हा नियम करा.

आता सगळं एकत्र करू. फणसाची जागा: सर्व्हेच्या 'नाही'नंतर ५० जागांत ८ चांगल्या, ४२ वाईट. ८ पैकी ६० टक्के, म्हणजे ४.८ ठिकाणी पाणाड्या 'आहे' म्हणेल. ४२ पैकी ४० टक्के, म्हणजे १६.८ ठिकाणीही म्हणेल. एकूण २१.६ मध्ये ४.८, म्हणजे २२ टक्के. देवळाकडची जागा: ३२ चांगल्या, १८ वाईट. पाणाड्याचं 'नाही' त्यांतून १२.८ आणि १०.८ निवडतं, म्हणजे ५४ टक्के. पाणाड्याला मुद्दाम झुकतं माप देऊनही फणस देवळाच्या जवळपास येत नाही. दोन जागांमधला वाद इथे संपतो.

उरतो तो प्रश्न: देवळाकडे तरी मारावी का? बोअर चालली तर टँकरचे ४० हजार वाचतात, विजेचे ५ हजार वजा केले तर वर्षाला ३५ हजार. दहा वर्षांत साडेतीन लाख. पंप आणि पाइपांचे ५० हजार गेले की तीन लाख. कोरडी गेली तर दीड लाख बुडाले. दीड लाखाला तीन लाखांनी भागा: शक्यता ५० टक्क्यांच्या वर असेल तरच मारण्यात अर्थ आहे. तुम्ही ५४ आणि ६४ च्या मध्ये आहात. म्हणजे रेघेच्या वर, पण आकडे थोडे हलले तरी खाली याल. इथे घाई करू नका, कारण हजार-दोन हजारांत ही शंका बरीच दूर करता येते.

त्यासाठी यंत्र कुठे फसतं ते समजून घ्या. सर्व्हेवाला जमिनीत चार सळ्या ठोकतो. बाहेरच्या दोनांतून वीज सोडतो, आतल्या दोनांत विजेचा दाब मोजतो, आणि जमीन विजेला किती अडवते ते काढतो. पाण्याने भरलेला भेगाळ खडक वीज कमी अडवतो. पण चिकणमातीही कमीच अडवते! आपल्याकडे जांभ्याच्या खाली ही मातीच असते, पांढरट-पिवळी, मधूनमधून जांभळट, बोटांत चोळली तर साबणासारखी गुळगुळीत. तिच्यात पाणी असतं, पण ती ते सोडत नाही. बोअर मारली तर चिखल निघतो आणि पंप कोरडा फिरतो. वाईट जागांवर 'आहे' निघतं त्याचं मोठं कारण हे. म्हणून दुसरा सर्व्हेवाला आणून त्याच पद्धतीचं यंत्र लावण्यात फारसा लाभ नाही. पहिल्याला जी माती फसवते तीच दुसऱ्याला फसवणार. दोघांनी 'आहे' म्हटलं म्हणून वजन दोनदा गुणलंत तर कागदावर ६४ चे ८३ टक्के होतील आणि ते १९ टक्के निव्वळ भ्रमाचे असतील. हवा आहे तो वेगळ्या कारणाने चुकणारा साक्षीदार.

तो वाड्यावरच आहे. ज्या दहा बोअर झाल्या त्यांच्या मालकांना, काकांना सगळ्यात आधी, विचारा की किती फुटांपर्यंत चिकणमाती निघाली आणि केसिंग किती फुटांचं घातलं. भुसभुशीत थर कोसळू नये म्हणून केसिंग साधारण कठीण खडक लागेपर्यंतच घालतात, त्यामुळे माती कुठे संपली ते केसिंगच्या बिलावरून कळतं. बिल सापडलं तर तोंडी आठवणीपेक्षा तेच धरा. तुमच्या विहिरीची कडाही बघा: तळ गाठल्यावर वरूनच टॉर्च टाका, लाल भोकाळ जांभा संपून गुळगुळीत पांढरट पट्टा कुठे सुरू होतो ते दिसतं. जुन्या विहिरीत खाली उतरू नका, तळाशी हवा खराब असू शकते.

माती ८० फुटांच्या, म्हणजे साधारण २५ मीटरच्या आत संपत असेल, तर ३५ ते ४५ मीटरवर दिसलेला थर माती असण्याची भीती बरीच कमी होते. चुकीचं 'आहे' ३० वरून १५ टक्क्यांवर आलं असं धरा: ३२ चांगल्या, ९ वाईट, शक्यता ७८ टक्के. पाणाड्याचं 'नाही' मोजूनही ७० च्या आसपास. बिनधास्त मारा. माती १५० फुटांपर्यंत जात असेल तर तो थर मातीचाच असण्याची दाट शक्यता. चुकीचं 'आहे' ६० टक्के धरा: ३२ ला ३६, म्हणजे ४७. रेघेच्या खाली. मग यंदा बोअर नको.

सर्व्हेवाल्यालाही दोन प्रश्न विचारा. बाहेरच्या दोन सळ्या एकमेकींपासून किती लांब नेल्या होत्या? ४० मीटर खोलीवरचं दिसायला ते अंतर शंभर-दीडशे मीटरच्या वर न्यावं लागतं. तुमच्या परसात ३०-४० मीटरवर थांबला असेल तर '४५ मीटरवर थर' हा त्याचा अंदाज आहे, मोजमाप नव्हे. दुसरं, सुक्या जांभ्यात सळ्यांभोवती मिठाचं पाणी ओतलं होतं का? नाहीतर सळी आणि दगड यांचा संपर्कच नीट होत नाही आणि वाचन भलतंच येतं.

परवानगीचं विसरू नका. २००२ च्या गोवा भूजल नियमन कायद्याखाली बोअरला आधी परवानगी लागते, त्यासाठी जलस्रोत खात्याकडे अर्ज करा. परवानगी मिळाली याचा अर्थ तिथे पाणी आहे असा होत नाही. घरच्या चर्चेत तोही पुरावा म्हणून येतो, म्हणून सांगितलं.

मामंजींना हे कसं सांगायचं? पाणाड्या खोटा असं म्हणू नका. त्याने दाखवलेल्या सगळ्या जागांची यादी त्यांनाच करायला सांगा, चाललेल्याही आणि कोरड्याही, आणि मे महिन्याचा रकाना त्यांनाच भरू द्या. वीसपैकी पंधरा चालत असतील आणि त्या आपल्यासारख्याच उतारावर असतील, तर आमचा दीडपटीचा आकडा फेका आणि वरच्या रीतीने नवा काढा: १५ ला ५, भागिले ४ ला ६, म्हणजे साडेचारपट. तेव्हा पाणाड्याचा शब्द सर्व्हेवाल्यापेक्षा जड होईल आणि आम्हीही हिशेब पुन्हा मांडायला सांगू.

बोअर मारायच्या दिवशी दर दहा फुटांची माती-भुकटी मूठभर घेऊन पिशवीत भरा, वर खोली लिहा. ती तुमच्यानंतर बोअर मारणाऱ्या शेजाऱ्याला सोन्यासारखी उपयोगी पडेल. थांबायचं कुठे हेही आधी ठरवा. सर्व्हेचा थर ४५ मीटरला, म्हणजे दीडशे फुटांना संपतो. १८० पर्यंत जाऊन पाणी नसेल आणि सुकी भुकटीच उडत असेल तर थांबा. त्या क्षणी बोअरवाला 'आणखी पन्नास फूट, नक्की लागेल' म्हणेल. त्याला पैसे फुटावर मिळतात आणि तो हे प्रत्येक कोरड्या बोअरवर म्हणतो. १८० हा आकडा आदल्या रात्री कागदावर लिहा आणि त्याखाली मामंजींचीही सही घ्या.